लाल चिठ्ठीचा भुंगेरा

संग्रहालयाच्या कीटकांच्या खोलीत त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी मेलेले किडे टाचणीवर बसवले आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या. घरी मात्र एका डब्यावर चिठ्ठी नाही, असं बायको येईल त्या पाहुण्याला ऐकवायची. काकांना खोड एकच, नीटनेटकेपणाची. पेटीत काही वाकडं दिसलं की जेवण गोड लागत नसे.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना एक संशोधक बाई लाल चिठ्ठीचा भुंगेरा बघायला आल्या. लाल म्हणजे मानाची, एवढंच काकांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं. बाईंनी नीट सांगितलं: नवी जात सापडली की तिचं नाव एका नमुन्याला बांधतात, लाल चिठ्ठी त्यालाच. पुढे कुठेही वाद झाला, तर त्या एकाशीच ताडून बघायचं.

मग या जातीचं पहिलं वर्णन असलेला जुना लेख उघडून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"काका, यात लिहिलंय, डावा मागचा पाय तुटलेला. याला तर सहाही आहेत. मेल्यावर पाय फुटतात का हो?"

काकांना सगळं आठवलं. मूळचा लंगडा, धुळकट भुंगेरा मानाच्या जागी शोभेना, म्हणून वीस वर्षांपूर्वी त्यांनीच लाल चिठ्ठी काढून त्याच पेटीतल्या एका देखण्याला लावली होती. बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, मूळचा हरवला असणार, आता त्याच्या जागी हाच नेमावा लागेल. काका गप्प बसते तर नाव तोतयाला कायमचं चिकटलं असतं. आधीच्या, केव्हाच वारलेल्या साहेबांवर ढकललं असतं, तर तेही खपलं असतं.

"मीच बदलला," काका म्हणाले. "बरा दिसत नव्हता."

बाईंनी रागावण्यात वेळ घालवला नाही. तो आता कुठे आहे, एवढंच विचारलं. काका काही फेकत नसत. लुळेपांगळे किडे बिस्किटांच्या एका डब्यात ठेवलेले होते. डाव्या मागच्या पायाने अधू असे तिथे तीन भुंगेरे निघाले. त्यांच्या टाचण्यांवर ठिकाण-तारखेच्या जुन्या चिठ्ठ्या तशाच होत्या. लेखातल्या तारखेशी तिसऱ्याची जुळली, तेव्हा काकांनी बाकीचे दोन डब्यात परत ठेवले.

बाईंनी लाल चिठ्ठी त्याला परत दिली आणि एक कोरी पुढे केली. जुन्या चिठ्ठ्या काढायच्या नसतात, खाली नवी जोडायची, काय झालं ते लिहून.

"कोणी केलं, तेही?"

"तेही."

काकांनी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर बिघडू दिलं नाही. मग त्यांची नजर उघड्या पडलेल्या त्या देखण्याकडे गेली.

"मग हा कोण?"

बाईंनी तो भिंगाखाली घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. पाठीवरच्या रेघा पेटीतल्या कुणाशीच जुळत नव्हत्या.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित याला अजून नावच नसेल."

काकांनी स्टूल ओढलं आणि दुसरं भिंग पुसायला घेतलं.