रुळावरचे तीन ठोके

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही, हे आधीच सांगतो... कमेंटमध्ये कुणी उतारा सुचवू नका.

मी एका ठेकेदाराकडे रेल्वेच्या ओव्हरहेड वायरचं मेंटेनन्स करतो. सप्लाय बंद केला तरी त्या वायरला थेट हात लावत नाहीत - शेजारच्या चालू लाइनमुळे तिच्यात करंट उतरतो. म्हणून आधी अर्थिंगचा रॉड. त्याच्या केबलचा क्लॅम्प रुळाला आवळायचा, मग वरचा हूक वायरला अडकवायचा. उरलासुरला करंट रुळातून जमिनीत जातो.

हे मला धर्माकाकांनी शिकवलं. दिवाळे गावचे कोळी, आमच्या गँगमधले सगळ्यात जुने. क्लॅम्प लावला की पान्याने रुळावर तीन ठोके मारायचे, मग अख्खी केबल बोटांनी चाचपायचे. मी हसायचो. ते म्हणायचे, "करंटला पन घर हाय. वाट दाव त्याला, नायतर तुज्या अंगातून जाईल." दोन वर्षांपूर्वी काका झोपेतच गेले. शेवटपर्यंत मी त्यांची चेष्टाच केली, याचं वाईट वाटतं.

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, खांदेश्वर स्टेशनजवळ काम होतं. सप्लाय बंद झाला. वेळ कमी, म्हणून क्लॅम्प आवळला आणि केबल न चाचपताच रॉड उचलला. हूक वायरपासून हातभर लांब असेल... ठक. ठक. ठक. पायाखालच्या रुळातून.

मागे कुणी नाही. सुपरवायझर लांब सावलीत फोनवर. माझा पाना पिशवीत. रॉड खाली घेतला, केबल चाचपली - क्लॅम्पपाशी ती बोटाखाली पोकळ दबली. वरचं प्लास्टिक धड, आतली तार तुटलेली. अर्थिंग झालं समजून मी वायरला हात घातला असता, आणि करंटला वाट माझ्यातूनच मिळाली असती.

उन्हाने रूळ वाजतात, मला माहीत आहे. असे मोजून वाजत नाहीत.

सुपरवायझरांनी सगळं ऐकून हात जोडले. "काकांनी वाचवलं तुला. नारळ फोड, विषय संपव. रिपोर्टचं टेन्शन कशाला?"

माझं डोकं सटकलं. "नारळ तुमी फोडा साहेब. तुटकी केबल तुमी दिली, ते मी लिहिनार."

लिहिलं. मग सगळ्या केबल तपासल्या, आणखी दोन तशाच निघाल्या. मला महिनाभर स्टोअरमध्ये बसवलं. बसलो.

नवीन लोक विचारतात, काकांसारखा तुम्हीपण रूळ ठोकता का? नाही. मी केबल चाचपतो. ठोकायचं ते काका बघतील.