मुकादमसाहेबांनी नापास केलेला व्हॉल्व्ह

मुकादमसाहेब कुठलीही नवी वस्तू हातात आली की आधी ती उलटी धरत. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला एक थर्मास दिला. देण्यापूर्वी तो पाण्याने भरून स्वतःच्या पलंगावर, गादीवर, दुपारभर उलटा ठेवला होता. मी म्हटलं, "अहो, बाथरूममध्ये ठेवायचा!" तर म्हणाले, "तिथे गळला तर कोणाचं काय गेलं, वहिनी? आपलं काही भिजणार नसेल तर ती परीक्षाच नव्हे."

ईशान, रेवा, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही मागच्या वेळी येऊन गेलात, त्यानंतर ते नोएडाच्या आपल्या सोसायटीत, आपल्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मूळचे रत्नागिरीकडचे. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत नळ, तोट्या, पाइप तपासण्यात त्यांची नोकरी झाली. पत्नी वारली होती, मूलबाळ नव्हतं. सोसायटीतली बाकीची मराठी कुटुंबं एकेक करून पुण्याला परतली आणि संध्याकाळच्या चहाला आम्ही दोघंच उरलो. तुमचे आजोबा असते तर त्यांचं यांच्याशी छान जमलं असतं, किंवा मुळीच जमलं नसतं.

माणूस थकलेला होता. "सगळी नोकरी 'नाही' म्हणण्यात गेली," असं ते चहाच्या कपाकडे बघत म्हणत. "मी नापास लिहायचो, वर कोणीतरी पास करायचं. आता मला नाही म्हणायचाही कंटाळा आलाय."

एका जानेवारीत त्यांच्याकडे एक पार्सल आलं. त्यांचा पुतण्या नावेद कोकणात समुद्रावर पर्यटकांसाठी खेळ चालवायचा. त्याने एक जुनी जेट स्की, म्हणजे पाण्यावरची मोटरसायकल, घेतली होती, बसून नव्हे तर उभं राहून चालवतात ती. तिच्या पोटात थोडंफार पाणी शिरतंच. ते बाहेर जावं आणि बाहेरचं आत येऊ नये, म्हणून मागे एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह असतो. कंपनीचा महाग, म्हणून नावेदने कुठून तरी स्वस्तातला शोधून काढला आणि काकाकडे पाठवला. सोबत निरोप, "चाचा, बघून सांगा." वडील गेल्यापासून या पोराला काकाशिवाय कोणी नव्हतं, आणि काकालाही त्याच्याशिवाय.

"वहिनी, एखादा मोठा टब आहे का?" त्यांनी विचारलं. मी तुमचा निळा टब काढून दिला. तुम्हा दोघांना त्यात आंघोळ घातलेली आहे, मी तो अजून टाकलेला नाही.

टब गच्चीवर मांडला. एका प्लास्टिकच्या बरणीच्या तळाला भोक पाडून त्यात व्हॉल्व्ह बसवला, आत वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवला आणि बरणी पाण्यात दाबून धरली. धुकं इतकं, की समोरची इमारत दिसत नव्हती. गार्ड वर येऊन बघून गेला. "अंकलजी, इसमें मछली पालोगे क्या?"

"पालूंगा. पहले देख लूं, डूबती तो नहीं," साहेब म्हणाले.

कागद कोरडा निघाला. मग बरणीत पाणी भरून उचलली, तर पाणी भराभर खाली गेलं. मला वाटलं, झालं. मी म्हटलंसुद्धा, "पास करून टाका आता, हात बघा कसे निळे पडलेत. निदान हातमोजे तरी घाला."

"हातमोजे घातले की पाणी कुठून येतंय ते कळत नाही. आणि वहिनी, हे नळाचं पाणी आहे. चांगल्या दिवशी सगळंच चालतं. वाईट दिवस कुठाय यात?"

वाईट दिवस त्यांनी स्वतः तयार केला. सोसायटीत दुरुस्ती चालू होती, तिथून डबाभर वाळू आणली. माझ्या स्वयंपाकघरातून मीठ नेलं. तसलं गढूळ, खारट पाणी त्या व्हॉल्व्हमधून पुन्हापुन्हा सोडलं आणि मग बरणी पाण्यात दाबली. या वेळी कागदाच्या कडेला ओल दिसली. बघता बघता ती मधल्या अक्षरांपर्यंत पोचली. वाळूचा एक कण आतल्या रबराच्या पडद्याखाली अडकला होता, त्यामुळे पडदा पुरता मिटत नव्हता. साहेबांनी तो कण बोटावर घेतला आणि मला दाखवला.

मग माझ्यासमोरच नावेदला फोन लावला, स्पीकरवर.

"चाचा, पास का नापास, एवढंच सांगा."

"नापास. वाळू धरून ठेवतो."

"तुम्ही आयुष्यात काही पास केलंय का कधी?"

"तुझ्या चाचीला. पहिल्या भेटीत."

पलीकडे हसू आलं, पण लगेच थांबलं. "दोन मागवले होते मी. दुसरा लावलाय गाडीला. सीझन आहे, थांबून कसं चालेल?"

"येतो मी."

"येऊन काय करणार?"

"किनाऱ्यावर उभा राहीन."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. या वयात, या थंडीत, एवढा प्रवास. "पोहता तरी येतं का तुम्हाला?"

"नाही. पण ओरडता येतं," ते म्हणाले, आणि स्वेटरच्या घड्या घालू लागले. त्यांना जायचा उत्साह नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं. कॅबमध्ये बसताना त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

तिथून संध्याकाळी फोन येई. गाडी किनाऱ्याला लागली की ते ती वाळूवर तिरकी करायला लावत आणि पोटातलं पाणी काढून बघत. मला तेवढाच हिशेब सांगत. "आज वाटीभर." "आज तांब्याभर, वहिनी." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज, आणि त्यांचा दमलेला श्वास.

एकदा म्हणाले, "आज बादली." त्या दिवशी नावेद लांब गेला होता. गाडीची मागची बाजू खाली बसलेली त्यांना किनाऱ्यावरून दिसली आणि ते घसा फुटेस्तोवर ओरडले. नावेद परतला तो चिडूनच. गिऱ्हाइकांसमोर माझा तमाशा केलात, म्हणाला. मग गाडी तिरकी केली, पाणी बदाबदा वाहू लागलं, तेव्हा स्वतःच बादली आणून खाली धरली.

"मग बदलला ना व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

"धुऊन तोच पुन्हा लावला. म्हणतो, आता तुम्ही आहातच की, चाचा."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"नाही म्हटलं. रोज म्हणतो." मग म्हणाले, "परत यायचं होतं, वहिनी. पण आता कसा येऊ?"

ते आलेच नाहीत. सीझन संपत आला असताना एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत. पुढे काही दिवसांनी नावेदने मला फोन केला. फ्लॅटच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, त्याबद्दल बोलायचं होतं. ते बोलून झालं, तरी तो फोन ठेवेना.

"काकू, तो व्हॉल्व्ह काढून टाकला मी," तो म्हणाला. "कंपनीचा लावलाय."

मला राग आला. "ते इतके दिवस घसा फोडून सांगत होते, तेव्हा का नाही लावलास?"



"तेव्हा चाचा होते ना," तो म्हणाला.