मास्तरांचं पायडल

टेलरमास्तरांचा उजवा पाय म्हणजे वेगळाच इसम होता. मास्तर जेवायला बसले तरी तो खाली आपला हलत असायचा. नात्यातल्या एका लग्नात फोटो काढणारा वैतागून म्हणाला होता, "काका, पाय थांबवा, खुर्चीसकट हलताय." मास्तर शांतपणे म्हणाले, "मी कुठे हलवतोय? तो त्याचा तो हलतोय." सगळा जन्म शिलाई मशीनवर गेला, तर पायाला दुसरं काय सुचणार?

असा पाय असलेला माणूस घरात खिळून बसला, त्याची ही हकीकत.

मास्तर एका दुपारी बटणं आणायला गेले आणि दुकानात गप्पांना बसले. इकडे काकू ओट्यापाशी कोसळल्या. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, चारदोन शब्द तेवढे उरले. पडल्यापडल्या त्यांनी कान दिला होता, पण पुढच्या खोलीतलं मशीन गप्प होतं. तेव्हापासून त्यांच्या मनानं एकच धरलं, मशीन वाजतंय म्हणजे माणूस घरात आहे. आवाज थांबला की चांगल्या हातातला चमचा स्टीलच्या पेल्यावर टणटण सुरू. मास्तर धावत आत. "अगं, इथेच आहे मी. दोरा ओवत होतो." सकाळी एक मावशी येऊन काकूंचं सगळं आवरून जायच्या, पण त्या शेजारी बसल्या असल्या तरी पेला वाजायचाच.

खरी गंमत म्हणजे शिवायला काही नव्हतंच. मास्तरांची नजर अधू झाली होती, गिऱ्हाईक केव्हाच तुटलं होतं. सुईखाली कापड नाही, सुईत दोरा नाही, मास्तर रिकामं मशीन हाकत बसायचे. भाजी, दूध, औषधं सगळं दारात येई. गुडघा सुजून टम्म झाला. रस्त्यापलीकडच्या सलूनवाल्याला हे ठाऊक होतं. तो आपल्या दारातून ओरडायचा, "मास्तर, आज किती हवा शिवली?"

"तुझ्या मापाचा सदरा चाललाय," मास्तर खिडकीतून म्हणायचे. "पोटापाशी हवा कमी पडतेय."

दोघांची जुनी दोस्ती, मध्ये फक्त एक रस्ता. पण मास्तर तो ओलांडू शकत नव्हते. मानेवरचे केस कॉलरच्या आत गेले होते.

लेक लांबच्या शहरात. तिला फोनवर मागची खडखड ऐकवेना. तिने कीबोर्ड पाठवून दिला. "बाबा, लहानपणी तुम्हाला पेटी शिकायची होती ना? मग आता हे वाजवा. गुडघ्याला आराम, आईला आवाज."

खोका आला. स्टँड उघडला तर अगदी मोठ्या कात्रीसारखा, मास्तर खूश. त्यावर कीबोर्ड बसवला, विजेची वायर लावली. फोन बॉबिनच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यातून लेक सांगत होती.

"आता पेडलची वायर मागच्या भोकात घाला."

"पायडल म्हण. पायडल आपल्या ओळखीचं आहे."

"ते जमिनीवर ठेवा. पायाने दाबलं की सूर लांबत राहतो, सोडलं की थांबतो. आता बटण चालू करा, आणि ऑर्गनचा आवाज निवडा."

मास्तरांनी तसं केलं. पट्टी दाबली, सूर आला. पट्टी सोडली, सूर गेला. पुढे गुडघा खाजला म्हणून पाय उचलला आणि पुन्हा पट्टी दाबली, तर सूर थांबेचना. भोंगा लागल्यासारखा खोलीभर पसरला. पाय ठेवला की मुका, उचलला की सुटलाच.

"अगं, हे उलटं डोक्याचं पाठवलंस."

लेक म्हणाली, "बाबा, बटण चालू करताना तुमचा पाय कुठे होता?"

"कुठे असणार? जिथे असतो तिथे. पायडलवर."

"झालं तर. सुरू होताना ते पायडल जसं असेल, तसं ते विसावलेलं आहे असं यंत्र समजतं. तुम्ही दाबून बसलात, मग सगळं उलटं झालं. बंद करा. आणि चालू करताना पाय मोकळा ठेवा."

"माझा पाय मोकळा?" मास्तर म्हणाले. "बघतो, त्याला विचारून."

पाय मांडी घालून वर घेतला, तेव्हा कुठे यंत्र सरळ झालं. मास्तर सूर शोधत वाजवू लागले, खाली पाय आपला टकटक करतच होता. काकूंनाही आवडलं असावं, कारण चमचा खाली राहिला. पण हात थांबला की टणटण होतीच. यंत्र बदललं, खुर्ची तीच. गुडघ्याची सूज उतरली आणि आता बोटं दुखू लागली.

एका सकाळी सवयीने पाय पुन्हा पायडलवर असतानाच बटण दाबलं गेलं. तेवढ्यात दूधवाला आला. मास्तर तसेच उठले, पायडलवरचा पाय आधी सुटला, पट्टीवरचा हात मागून. दूध घेतलं, उंबऱ्यात उभे राहिले. मागे सूर चालूच होता. पेला वाजला नाही.

मास्तर पिशवी धरून बराच वेळ समोरच्या सलूनकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशी काकूंचे केस विंचरत होत्या. मास्तरांनी पायडल मुद्दाम दाबून बटण चालू केलं, दोन पट्ट्या धरल्या, पाय उचलला, आणि चपला हातात घेऊन बाहेर पडले. रस्ता ओलांडताना कुणाचा खिसा मारल्यासारखं वाटत होतं.

सलूनवाल्याचा वस्तरा हातातच राहिला. "मास्तर? इकडे कसे?"

"पाय मोकळे करायला."

"मग बसा. मानेवर जंगल झालंय, पण आधी दाढी करू."

गालाला फेस लागला. खुर्चीच्या फळीवर पाय टेकला आणि लागला चालायला. "मास्तर, वस्तरा आहे माझ्या हातात. त्याला आवरा."

एक गाल झाला. तेवढ्यात बाहेरून एक ट्रक धडधडत गेला आणि मास्तरांच्या कानातला सूर तुटला. ते उठले, अंगावरच्या फडक्यासकट धावत घरी आले.

सूर चालूच होता. मावशी भांडी घासत होत्या. काकू जाग्या होत्या, चमचा बाजूला ठेवलेला. त्या मास्तरांच्या फेसाकडे बघत होत्या.

"अगं, मी इथेच..."

"पाय," काकू म्हणाल्या. चांगल्या हाताने त्यांनी पलंगाच्या कडेवर टकटक केली आणि मान हलवली. सूर होता, पण खालची पायाची टकटक नव्हती. कालच्या दूधवाल्याच्या वेळीही नसणार, म्हणजे काकूंना कालही कळलं होतं. मास्तरांचा चेहरा उतरला. काकूंचं अर्धं तोंड हसलं.

"जा," त्या म्हणाल्या.

"पुन्हा पडलीस तर?"

काकूंनी गालाकडे बोट केलं. "जा."

मास्तर परत खुर्चीत बसले, कान खिडकीकडे करून. सलूनवाला म्हणाला, "मान सरळ." एवढ्यात पलीकडून टण ऐकू आलं. पुन्हा टण. मास्तर ताडकन उठले.

सलूनवाल्याने खांदा दाबला. "बसा हो. ही हाक नाही. ऐका नीट."

टण. थोडं थांबून टण. सुराच्या वर, सावकाश, एका ठेक्यात. काकू घरात आहेत, असं सांगणारा आवाज.

मास्तर बसले. जोवर ती टणटण येत होती तोवर बसता येणार होतं, त्यापुढे नाही. खाली फळीवर पायाने तोच ठेका धरला होता.

"आवरतं घे," मास्तर म्हणाले. "तिचा हात दुखेल."