पातोडीवाल्या बाई

भाकर तव्यावरून उतरवली की बाई ती आधी आपल्या गालाजवळ न्यायच्या. वाफ गालाला लागली की मान हलवायच्या आणि ताटात टाकत म्हणायच्या, "घ्या, जित्ती हाय तवर खाऊन घ्या."

आदिलाबादला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांची खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, मागे चूल. आजूबाजूला इडलीची हॉटेलं होती, बिर्याणीची होती. इथं मात्र फक्त आपल्या घरी असतं ते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि दर गुरुवारी पातोडीचा रस्सा. कापूस घेऊन आलेले शेतकरी जेवायचे, कचेरीतले तेलुगू कारकूनही जेवायचे. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. माझी जीभ काही मावशी म्हणायला वळली नाही. मी बाईच म्हणत राहिले.

त्याचं कारण सांगते. चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन मी यवतमाळकडून इथं आले. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. लग्नाआधी सात वर्षं ते या बाईंकडे दोन्ही वेळा जेवले होते. लग्नानंतर खानावळीत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, "घरी बायको असताना तिथं जाऊन बसलो, तर लोक तुला नावं ठेवतील."

माझ्या स्वयंपाकाला यांनी कधी नाव ठेवलं नाही. पण मी पहिल्यांदा पातोडी केली तेव्हा बेसनाच्या वड्या रश्शात विरघळून गेल्या. हे वाटीत बघत बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बाईंच्या पातोडीचे कोपरेसुद्धा मोडायचे नाहीत."

तेवढंच. पण मला ते फार लागलं. कोण ही बाई? माझ्या नवऱ्याला भाकर पातळ लागते की जाड, तिखट कितपत चालतं, ताक आधी लागतं की नंतर, हे माझ्याआधी सात वर्षं तिला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कोणी जळतं का? मी जळले.

मी तेव्हा इथल्या शाळेत शिकवायचे. एका गुरुवारी मधल्या सुट्टीत मी गुपचूप तिथं जेवायला गेले. बाई पन्नाशीच्या, उंच, पुढचा एक दात पडलेला. रूपाबिपाचं काही नव्हतं, त्यामुळे तर मला जास्तच राग आला. जेवण वाईट निघावं अशी मनापासून इच्छा होती. पहिला घास घेतला आणि कळलं, ते तसं निघणार नाही. पातोडीचा कोपरा न् कोपरा शाबूत होता.

पुढच्या गुरुवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "टीचर, तुमी जेवाले येता का पाह्याले येता?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"तुमी सारच्या घरच्या न? मले पयल्या दिवशीच समजलं. या मंदी, शिकवतो."

सार म्हणजे सर, आमचे हे; कचेरीतल्या कारकुनालाही इकडे सारच म्हणतात. बाईंनी मला चुलीपाशी बसवलं. उकळत्या पाण्यात बेसन सोडून घोटत म्हणाल्या, "हे कच्चं राह्यलं का मोडलीच समजा. उलथनं असं उभं राह्यलं पायजे." मग झाकण ठेवून, हात पुसत, सहज विचारावं तसं विचारलं, "सार बरे हायेत न?"

"बरे आहेत."

"रस्त्यानं जातेत त मान खाली घालून जातेत. सात वर्सं जेवले माह्याकडं. एकदा चांगलं म्हटलं नाई का वाईट म्हटलं नाई. मले वाटे, दुसरी सोय नाई म्हणून खाऊन राह्यले बिचारे."

हे रस्त्यानं मान खाली घालून का जातात ते मला माहीत होतं. घरी काय म्हणतात तेही माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, "त्यांचा स्वभावच तसा आहे."

त्या संध्याकाळी घरी पातोडी जमली. यांनी एक घास खाल्ला आणि वर पाहिलं. "बाईंकडे गेली होतीस?"

मी हो म्हटलं. यांनी रश्शातली आणखी एक वडी खाल्ली. मग म्हणाले, "मला टायफॉईड झाला होता तेव्हा रोज खोलीवर पेज घेऊन यायच्या. तिथं बसून पाजायच्या. मला तोंडावर काही बोलता येत नाही गं. तू सांग त्यांना. म्हणावं, तुमच्या हातचं अजून आठवतं."

"सांगते," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी गेले. बाई वाटच बघत होत्या. हातातली भाकर तशीच ठेवून विचारलं, "खाल्ली का सारनं पातोडी? काय म्हणले?"

"माझी पातोडी फार आवडली म्हणाले."

बाईंचा चेहरा फुलला. "मंग जमली तुमाले," म्हणाल्या आणि खरंच आनंदानं माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला. त्यांनी आणखी काही ऐकायची वाट पाहिली असं मला वाटलं. मी घड्याळ बघितलं, शाळा भरायची वेळ झाली म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर मी तिथं गेले नाही. शिकायचं ते शिकून झालं होतं. रस्त्यात भेट झाली की बाई हात वर करायच्या. दर वेळी मनात यायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर आपला नवरा पुन्हा थोडा त्यांचा होईल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटायचं. मग पोरं झाली, बदल्या झाल्या, परत आदिलाबादला आलो. बाईंचा खांदा धरला, भाकर थापवेना. त्या नेरडीगोंड्याकडे भावाच्या गावी निघून गेल्या. खानावळीच्या जागी एसटीडी बूथ आला.

शहाण्णव साली त्या गावची एक बाई पोरीचं नाव शाळेत घालायला आली होती. तिच्याकडून कळलं, बाई उन्हाळ्यात गेल्या.

रविवारी दुपारी जेवताना मी यांना सांगितलं. यांचा हात ताटातच थांबला. मग म्हणाले, "माझा निरोप तेवढा वेळेवर पोचला, हे एक बरं झालं." थोड्या वेळानं विचारलं, "काय म्हणाल्या होत्या गं तेव्हा?"

मी वरणाच्या वाटीकडे पाहत म्हटलं, "काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले."

हे हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग उरलेली भाकर त्यांनी सावकाश संपवली आणि हात धुवायला उठले. मी ताटावर बसून राहिले.