डाव्या हाताचं रीळ

मासे धरायच्या गळाच्या दांडीवरचं रीळ दुरुस्तीला आलं की नेल्डा क्राउडर ते आधी कानाशी धरायची. मूठ दोनदा हळू फिरवायची, एकदा जोरात. बेअरिंग कोरडं पडलंय, आत वाळू गेलीय की दातेरी चाकाचा एखादा दात झिजलाय, हे तिला पेच उघडायच्या आतच कळायचं. एकतीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत दोनशे यंत्रांच्या खडखडाटातून बिघडलेलं एक यंत्र नेमकं ओळखायचं काम तिने केलं होतं. त्यापुढे हे म्हणजे काहीच नव्हतं.

डोंगरावरची ती गिरणी बंद पडली तेव्हा नेल्डा बावन्न वर्षांची होती, आणि विधवा. खाली गंटर्सव्हिलच्या तळ्याकाठी लॉयल पॅटीचं गळ-आमिषांचं दुकान होतं. तिथे ती गल्ल्यावर बसायला म्हणून गेली. मागच्या खोलीत नादुरुस्त रिळांनी भरलेली दोन खोकी पडलेली तिला दिसली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती एकेक रीळ उघडायची, रॉकेलमध्ये भाग धुवायची, जुन्या दात घासायच्या ब्रशने दात्यांतलं काळं ग्रीस काढायची. उन्हाळा संपेपर्यंत दोन्ही खोकी रिकामी झाली आणि लॉयलने दारावर पाटी लावली, ‘रीळ दुरुस्त करून मिळेल.’

त्या पाटीला सगळ्यात मोठ्याने हसला तो हॉयट बिग्ज. बास मासा धरण्याच्या शर्यतींत त्याचं त्या सगळ्या टापूत नाव होतं. त्याच्या घरच्या भिंतीवर बक्षिसाच्या ढाली लावायला जागा उरली नव्हती.

“लॉयल, अरे, मोजे विणणाऱ्या बाईकडे रीळ देऊ?” तो भर दुकानात म्हणाला. “परत येताना त्याला टाच बसवून येईल!”

लोक हसले. नेल्डाही हसली, पण ते तिच्या मनात राहिलं. त्यानंतर तेरा वर्षं हॉयट आपली रिळं पन्नास मैलांवर हंट्सव्हिलला नेत राहिला. दुकानात आला की टोपीला हात लावायचा, तिकडच्या रीतीने “कसं काय, मिस नेल्डा?” म्हणायचा, आमिषाचे रबरी किडे आणि शिशाची वजनं घेऊन जायचा. रिळाचा विषय कधी निघाला नाही.

मग एका फेब्रुवारीत हॉयटची बायको जो बेथ एकटीच दुकानात आली. दोघी चर्चमध्ये एकाच बाकावरून गायच्या, त्यामुळे हॉयटला पक्षाघाताचा झटका आल्याचं, उजवा हात लुळा पडल्याचं, बोलणं अडखळत असल्याचं नेल्डाला ठाऊक होतं. जो बेथने कापडात गुंडाळलेलं एक रीळ काढून समोर ठेवलं.

“साफ करून दे गं. विकायचंय.”

“विकायचंय? हे तर त्याचं लाडकं!”

“तोच म्हणतो. बोट विक, दांड्या विक, सगळं विक. दिवसभर खिडकीशी बसतो, पण तळ्याकडे पाठ करून.” जो बेथचे डोळे भरून आले. “मी खुर्ची फिरवून ठेवते. तो परत वळवतो.”

जो बेथ गेल्यावर नेल्डाने रीळ कानाशी धरलं. काही आवाजच नव्हता. उघडलं तर आत तेलाचा एकेक थेंब जिथे हवा तिथेच. तीस वर्षांचं रीळ, पण एकाही पेचाची खाच ओरबाडलेली नव्हती. हंट्सव्हिलचा कारागीर काय करायचा तो करो, हे रोजच्या हाताचं काम होतं. तोंडाने एवढा आडदांड माणूस आणि बोटांनी इतका हळवा, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मूठ धरायच्या दोन लाकडी गोट्या त्याच्या अंगठ्याने आणि तर्जनीने घासून बदामासारख्या चपट्या झाल्या होत्या.

अडचण अशी होती की त्या रिळाची मूठ उजवीकडे होती, आणि असल्या रिळाची मूठ बाजू बदलून लावता येत नाही. ते त्याच्या कामाचं उरलंच नव्हतं. दोन दिवस ते नेल्डाच्या टेबलावर उघडंच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने भंगाराच्या खोक्यातून त्याच बनावटीचं, डावीकडे मूठ असलेलं एक फुटकं रीळ शोधून काढलं. हॉयटच्या रिळातली बेअरिंगं आणि दोरा गुंडाळायची फिरकी तिने त्यात बसवली. शेवटी त्या दोन चपट्या गोट्या काढून नव्या मुठीला लावल्या. गिरणीतून आणलेल्या रुंद इलॅस्टिकचा तिने छातीवर बांधायचा पट्टा शिवला आणि त्याला दांडीचं बूड अडकवायला नळीचा तुकडा जोडला. पहिला पट्टा घट्ट झाला, दुसरा घसरायला लागला, तिसरा जमला.

“झालं का गं?” जो बेथ दर रविवारी विचारायची.

“एक पेच मिळत नाहीये,” नेल्डा म्हणायची. चर्चमध्ये खोटं बोलल्याबद्दल मनातल्या मनात माफीही मागायची.

एप्रिलमध्ये बास मासे अंडी घालायला काठाशी आले तेव्हा तिने जो बेथला निरोप दिला, “त्याला घेऊन ये. रीळ त्याच्याच हातात देईन, नाहीतर देणारच नाही.”

हॉयट आला तो चिडूनच. दुकानामागच्या लाकडी धक्क्यावर खुर्ची ठेवलेली होती. त्याने रीळ पाहिलं.

“हे... माझं नाही.”

“मूठ धरून बघा आधी.”

त्याने डाव्या हाताने मूठ धरली. अंगठा गोटीवर टेकला आणि तिथेच थांबला.

“टाच... बसवली का... याला?” अखेर तो म्हणाला.

“पट्ट्याला बसवलीय,” नेल्डा म्हणाली. “चला, हात वर करा. नखरे नकोत.”

तिने तारेचं, पत्र्याची पाती गरगरणारं आमिष दोऱ्याला लावलं. रबरी किड्याला दांडी सारखी हलवावी लागते, याला नुसतं ओढत राहिलं की पुरे. त्याने डाव्या हाताने दांडी फेकली. पण रिळावर दोरा रोखायची सवय उजव्या अंगठ्याची. डाव्याला ते येईना. आमिष चार हातांवर पडलं आणि रिळावर दोऱ्याचा भलामोठा गुंता झाला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने दांडी धक्क्यावर आपटली.

“विका! म्हटलं... ना... विका!”

जो बेथ उठायला लागली. नेल्डाने तिला हातानेच खाली बसवलं. उलट्या बादलीवर बसून, रीळ मांडीवर घेऊन तिने क्रोशाच्या सुईने गुंता सोडवायला घेतला.

“गिरणीतल्या पहिल्या आठवड्यात मी दिवसाला चाळीस मोजे वाया घालवत होते, मिस्टर हॉयट. मुकादम म्हणायचा, हिला घरी पाठवा. तुमचे तर तीनच झालेत.”

त्या सकाळी तिने अकरा गुंते सोडवले. दर वेळी रिळाचा ब्रेक ती जरासा आवळत गेली. बाराव्या वेळी आमिष सरळ गेलं आणि कमळाच्या पानांच्या कडेला टुपकन पडलं. हॉयटने दांडीचं बूड छातीवरच्या नळीत घातलं आणि मूठ फिरवायला लागला. दांडी वाकली. पट्टा ताणला गेला. त्याच्या तोंडातून जो शब्द बाहेर पडला तो चर्चला जाणाऱ्या बायकांपुढे बोलायचा नव्हता, पण झटक्यानंतर न अडखळता आलेला तो पहिलाच शब्द होता.

मासा जेमतेम वीतभर होता. धक्क्यावर तडफडायला लागला आणि तिघंही त्याच्याकडे बघत राहिली. एका हाताने गळ काढणार कसा?

“सरका,” जो बेथ म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने जिवंत माशाला कधी बोट लावलेलं नव्हतं. तिने डोळे अर्धवट मिटले, माशाचा खालचा जबडा चिमटीत धरला आणि गळ फिरवून सोडवला.

“असंच... असतं ना?” ती नवऱ्याला विचारत होती, आणि बोलणं आता तिचं अडखळत होतं.

“असंच,” हॉयट म्हणाला. “आता... सोड त्याला. लहान आहे.”

नंतर तिघांनी उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि गोड गार चहा प्यायला. हॉयटने नेल्डाकडे न बघता विचारलं, “हंट्सव्हिलचा तो... ग्रीस फार भरतो. नाही?”

“फारच,” नेल्डा म्हणाली.

बोट विकली गेली. ती ठेवून उपयोग नव्हता. दांड्या मात्र घरीच राहिल्या. त्या उन्हाळ्यात हॉयट आठवड्यातून तीन दिवस धक्क्यावर असायचा, आणि गळ काढायला शेजारी जो बेथ. मध्येच तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि रीळ पुढे करायचा.

“आवाज... येतोय.”

नेल्डा कानाशी धरायची. आवाज बिलकूल नसायचा. तरी ती पेच सोडायची, एक थेंब तेल घालायची, आणि तोवर तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलेला असायचा.