आमच्यात असं असतं

कोलकात्यात बेहालातल्या त्या फ्लॅटच्या दारावर 'टेंबे' अशी पितळेची पाटी आहे. कादंबरी ती दर आठवड्याला चिंचेने घासते. घर आता तिचं राहिलेलं नाही, तरी घासते.

कादंबरी हावड्याची, जन्माने बंगाली. सासरे मनोहर टेंबे कस्टममध्ये बदली होऊन खिदिरपूरला आले, निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत आणि हा फ्लॅट घेऊन बसले. त्यांच्या थोरल्या मुलाशी, अरुणशी, तिने लग्न केलं. घरात पाऊल टाकलं तेव्हापासून सासूबाईंचं, म्हणजे सरलाबाईंचं, एक वाक्य तिच्या कानावर पडत गेलं. फोडणीला मोहरीचं तेल घेतलं, की "आमच्यात शेंगदाण्याचं असतं." संध्याकाळी शंख फुंकला, की "आमच्यात दिवा लावून शुभंकरोती असतं." त्यात राग नसे, पण सूटही नसे. कादंबरी सगळं शिकली. भाषा शिकली, पुरण वाटायला शिकली, घरात मासा आणणं सोडलं. भावाकडे गेली की पोटभर इलिश खायची आणि हुगळीवरच्या फेरीबोटीतून परतताना वेलची चघळायची. सासूबाईंना वास यायचाच. त्या बोलायच्या नाहीत, एवढंच.

इतकं करूनही बाईच्या मनातली धाकधूक गेली नाही. महाराष्ट्र मंडळात कोणी दोघी हसल्या, की आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटे. भूगोल शिकवणारी बाई, वर्गात पोरं चिडीचूप असायची, पण मंडळाच्या स्वयंपाकघरात ती स्वतःच पोरीसारखी कोपऱ्यात उभी राहायची.

मूलबाळ नव्हतं. अरुण अचानक गेला. त्या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवात तबक तिच्यासमोरून तसंच पुढे गेलं. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. बायकांनी नेहमीचं केलं. पण तिला ते जिव्हारी लागलं, आणि पुन्हा ती मंडळात गेली नाही. पुढे सरलाबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचं न्हाणं-धुणं, भरवणं सगळं हिनेच केलं. "हे घर तुझंच आहे गं," असं त्या म्हणत राहिल्या, आणि लिहून काही न ठेवता गेल्या. पाठोपाठ सासरेही तसेच गेले.

मग पुण्याहून धाकटा दीर आला, उन्मेष. बायको तेजस्विनी बरोबर. कायद्याने अर्धं घर त्याचं, अर्धं कादंबरीचं. त्याला सगळं विकायचं होतं, तिला तिथेच राहायचं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. हावड्याची पोर होती ती, भांडणात त्याला पुरून उरली असती. पण गडी साखरेत घोळवून बोलणारा.

"वहिनी, आईचं तुम्ही केलंत ते सख्खी लेक करणार नाही," तो म्हणाला. चहाचा घोट घेतला आणि हळूच म्हणाला, "तरी आई फोनवर म्हणायची, सगळं करते हो, पण परकं ते परकंच. मी रागवायचो तिला."

सरलाबाई असं कधी बोलल्या नव्हत्या. पण मेलेल्या माणसाला विचारणार कसं? सासूबाईंचं मिटलेलं तोंड, फेरीबोटीतली वेलची, सगळं कादंबरीला आठवलं आणि ते खरंच वाटलं.

उन्मेषने चार दिवस हा काटा रुतू दिला. मग म्हणाला, "आमच्यात हक्कसोड असतं, वहिनी. घरच्या बायका हक्क सोडतात आणि घर त्यांना साडीचोळी करतं. आईनेही केलं होतं. ज्या करत नाहीत, त्या घरच्या राहत नाहीत. आणि घर काय पळून जातंय? तुम्ही राहा की इथेच, हवं तितकं."

"माझी ओटी भरणार?" तिने विचारलं. बाकी काही तिला ऐकूच आलं नव्हतं.

"विधवा वगैरे मी मानत नाही. तुम्ही टेंब्यांची सून आहात."

रजिस्ट्रार कचेरीतला कागद इंग्रजीत होता आणि इंग्रजी तिला उत्तम येत होतं. वाचलं, कळलं, तरी सही केली. घरी येऊन पाटावर बसली. तेजस्विनीने कुंकू लावलं, इरकली साडी, खण, नारळ आणि तांदूळ पदरात घातले. कादंबरी ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत इतकं सुख तिला झालं नव्हतं, आणि माझा जीव जळतो तो याच गोष्टीवर.

पुण्याला पोचल्यावर उन्मेषचा फोन आला. गिऱ्हाईक मिळालं होतं, दुर्गापूजेच्या आत घर रिकामं हवं होतं. आवाज तसाच गोड.

तिने श्यामलाताईंना गाठलं. मंडळातल्या जुन्या, नवरा बँकेत मोठा साहेब होता. साडी दाखवून विचारलं. श्यामलाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हक्कसोड बहीण करते, माहेरच्या घरावरचं, भावासाठी! सुनेने दिरासाठी? आमच्यात नाही हो असं काही. फसवलं तुम्हाला."

त्याच तिला शेजारच्या मीनाकडे घेऊन गेल्या. मीना दत्त अलीपूरच्या कोर्टात वकिली करते, कादंबरीचीच विद्यार्थिनी. तिने सगळं ऐकलं आणि बंगालीत म्हणाली, "काकीमा, लढता येईल. जज्जसाहेबांपुढे तुम्ही एवढंच म्हणायचं, मी बंगाली, बाहेरची. यांच्या चालीरीती मला ठाऊक नाहीत. दिराने सांगितलं ते मी खरं मानलं."

मीनाने पुन्हा समजावलं. श्यामलाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणा हो. एक वाक्य तर आहे. घर वाचेल."

कादंबरीने पदर खांद्यावरून नीट घेतला.

"मला ठाऊक आहेत चालीरीती," ती म्हणाली. "आमच्यात असं असतं."

हे ती मराठीत बोलली. मीनाला त्यातलं काही कळलं नाही, आणि श्यामलाताईंना मान वर करून तिच्याकडे बघवेना.