आमचा सारांश

प्रोजेक्ट संपतो, मार्क मिळतात, पण किस्से लॅबमध्येच साचत राहतात. आम्ही तिघं होतो: मी, ढाणकीचा गजानन आणि राजूरची माधुरी. यवतमाळच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट होता, जेनेटिक अल्गोरिदम वापरून मराठी बातमीचा आपोआप सारांश. ते दोघं आता पुण्यात आहेत. मी त्याच लॅबमध्ये शिकवते. दोघांनी एकदा येऊन माझ्या शेजारी बसावं, एवढंच मला हवंय.

*

प्रोजेक्टच्या गाईड सरांनी विचारलं, "नेमकं करता काय?"

गजानन म्हणाला, "सर, बातमीतली चार-चार वाक्यं उचलून शंभर सारांश बनवतो. त्यातल्या चांगल्या दोघांचं लगन लावतो. लेकरू चांगलं निघालं तर ठेवतो, नाही तर हाकलून देतो."

सर म्हणाले, "मंग मॅरेज ब्युरोच काढ ना!"

*

एकदा आम्ही छोट्या सारांशाला जरा जास्तच मार्क ठेवले. प्रोग्राम भलताच हुशार. प्रत्येक बातमीचा सारांश आला, "सविस्तर वृत्त पुढीलप्रमाणे."

माधुरी म्हणाली, "काहीच न सांगणाऱ्याचा पहिला नंबर. कॉलेजसारखंच आहे हे."

*

तुलनेसाठी माणसांनी लिहिलेले सारांश लागायचे. माधुरीने राजूरच्या कोळशाच्या धुळीची बातमी तिच्या बाबांना दिली. ते खाणीतले. त्यांनी तीन पानं लिहिली.

"बाबा, हे तर बातमीहून मोठं झालं."

"मंग? पेपरवाल्यायनं अर्धच लिहिलं होतं."

*

व्हायवा झाला त्या दिवशी कोणी उठेचना. प्रोग्रामचा रिझल्ट स्क्रीनवर आला होता, तरी गजानन म्हणाला, "अजून शंभर पिढ्या चालू दे." चौकीदार कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा निघालो.

*

परवा कळलं, ज्यावर आमचा प्रोग्राम चालायचा ते लॅबमधलं जुनं मशीन शनिवारी भंगारात जाणार. मी आमच्या तिघांच्या ग्रुपवर लिहिलं, "शनिवारच्या आत या रे, शेवटचं पाहून घ्या."

मग त्याच मशीनवर आमच्या ग्रुपचं चार वर्षांचं सगळं चॅट टाकलं आणि दोन वाक्यांत सारांश मागितला. आला तो असा:

"कधी येऊन राह्यले?"

"पुढच्या महिन्यात नक्की."

आधी हसले, मग हसवेना. तसाच ग्रुपवर पाठवला. गजाननने हसणाऱ्या दहा इमोजी टाकल्या.

थोड्या वेळाने माधुरीचा मेसेज आला, "तसं नाही वं, खरंच येतो. पुढच्या महिन्यात नक्की."